मॅन्युअलशिवाय जुना सर्व्हो ड्राइव्ह चालवायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून चार सर्व्हो ड्राइव्ह (मोटर नेमक्या वेगाने आणि नेमक्या जागी फिरवणारे कंट्रोल बॉक्स) आणि तीन मोटरी मिळाल्या. एक यास्कावा एसजीडीएच-०४एई, एक यास्कावाच पण नेमप्लेट घासलेला, एक मित्सुबिशी एमआर-जे२एस-४०ए आणि एक फॅनक अल्फा. मॅन्युअल एकाचंही नाही, केबल कापलेल्या आहेत. घरी सिंगल फेज आहे आणि लाकूडकामाचा राउटर (संगणकावर चालणारं कोरीवकामाचं यंत्र) बनवायचा आहे. यातलं काय चालेल, आणि पिना कशा शोधायच्या?

नेमप्लेट असलेले यास्कावा आणि मित्सुबिशी बहुतेक चालतील. घासलेला यास्कावा चालेल की नाही, ते त्याच्या जोडीची मोटर सांगेल. फॅनकचा विसरा. तो खराब असेल म्हणून हे सांगत नाही. अगदी कोरा करकरीत असता तरी हेच सांगितलं असतं.

सर्व्होत एकात एक असे तीन लूप, म्हणजे मोजून चूक दुरुस्त करत राहणारी चक्रं, असतात: आत करंटचा, त्याबाहेर वेगाचा, सर्वांत बाहेर पोझिशनचा. जुना ड्राइव्ह हातात आला की यातला कोणता लूप ड्राइव्हच्या पोटात बंद होतो आणि कोणता कंट्रोलरमध्ये, एवढंच आधी ठरवायचं. फॅनक अल्फात करंटचा लूपसुद्धा सीएनसीच्या (मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या) ॲक्सिस कार्डात चालतो. ड्राइव्ह म्हणजे नुसता मोठा स्विच. कोणता आयजीबीटी (मोटरला वीज सोडणारा ट्रान्झिस्टर) कधी उघडायचा, हे वरून सांगितलं जातं. त्यावर जेव्ही१बी असं लिहिलेला कनेक्टर दिसला तर थेट पीडब्ल्यूएम (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारे पल्स) आत घेणारा प्रकार समजा. सीओपी१०ए आणि सीओपी१०बी अशी फायबरची तोंडं दिसली तर एफएसएसबी, म्हणजे फॅनकची स्वतःची सिरियल लाइन, समजा. दोन्हींत कंट्रोलर नसेल तर ड्राइव्ह मुका. सीमेन्सच्या सिमोड्राइव्ह ६११ मध्येही हाच घोळ आहे: ६११ए वेगाचा हुकूम म्हणून ±१० व्होल्ट घेतो आणि स्वतंत्रपणे चालतो, ६११डी मात्र सीमेन्सच्याच ८४०डी कंट्रोलरच्या एनसीयूशिवाय निरुपयोगी. बाहेरून दोन्ही सख्खे भाऊ दिसतात, आणि भंगारवाला दोन्हींना एकच भाव लावतो.

म्हणून मॉडेल नंबरचं शेपूट वाचायला शिका. मित्सुबिशीच्या एमआर-जे२एस-४०ए मधला शेवटचा ‘ए’ म्हणजे पल्स किंवा ॲनालॉग घेणारा. त्या जागी ‘बी’ असता तर एसएससीनेट, म्हणजे मित्सुबिशीचा मोशन कंट्रोलर लागला असता. ‘ए’ च्या पुढे १ असेल तर तो १०० व्होल्टचा. जपानातून थेट आलेल्या मशीनवर असे ड्राइव्ह सापडतात, आणि त्यांना आपले २३० व्होल्ट दिले की आतले कपॅसिटर फुटतात. तुमच्या एसजीडीएच-०४एई मध्ये ०४ म्हणजे ४०० वॉट, ‘ए’ म्हणजे २०० व्होल्ट श्रेणी. तिथे ‘बी’ असता तर १०० व्होल्ट. शेवटचा ‘ई’ सांगतो की टॉर्क, वेग आणि पोझिशन तिन्ही प्रकारे चालतो. यास्कावाची पुढची सिग्मा-५ मालिका हाती लागली तर एसजीडीव्हीच्या शेवटी ०१ए हवं. ११ए किंवा २१ए असेल तर तो मेकॅट्रोलिंकवाला, म्हणजे नेटवर्कवरून खास कंट्रोलर मागणारा, घेऊ नका.

घासलेल्या ड्राइव्हचं मूळ शोधायला मोटरकडे जा. ड्राइव्हची प्लेट कूलंटने आणि हाताळण्याने जाते, मोटरची सहसा टिकते. एसजीएमएएच, एसजीएमपीएच किंवा एसजीएमजीएच मोटर असेल तर ड्राइव्ह सिग्मा-२, म्हणजे एसजीडीएम किंवा एसजीडीएच. एचसी-केएफएस, एचसी-एमएफएस, एचसी-एसएफएस या मोटरी एमआर-जे२एसच्या. पॅनासॉनिकची एमएसएमए मोटर मिनास-ए ड्राइव्हची. मालिका एकदा कळली की ‘मॅन्युअल नाही’ ही अडचण निम्मी संपते, कारण या तिन्ही मालिका जगभर इतक्या खपल्या आहेत की त्यांची पुस्तकं पीडीएफमध्ये सापडतात. मोटरवरही काही वाचता येत नसेल तरच पुढची शोधाशोध.

विजेचं आधी बोलू. ४०० वॉटचे हे दोन्ही ड्राइव्ह सिंगल फेज २३० वर चालतात. मोठा ड्राइव्ह, समजा दीड-दोन किलोवॉटचा, घेतलात तर तो तीन फेज २०० ते २३० व्होल्ट मागेल, आणि आपल्याकडे तीन फेज म्हणजे ४१५. त्यासाठी ४१५ वरून २०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतोच. भंगारात जपानी मशीनच्या पॅनेलखाली तो जड ठोकळा पडलेला असतो, तांब्यासाठी कापला जाण्याआधी उचला. छोट्या ड्राइव्हनासुद्धा वरची मर्यादा साधारण २५३ व्होल्टची असते. तुमच्याकडे रात्री लोड उतरल्यावर किती व्होल्ट येतात ते मोजून ठेवा. २५० च्या आसपास येत असतील तर ट्रान्सफॉर्मर किंवा चांगला स्टॅबिलायझर लावा.

आता वीज देण्याआधीची तपासणी. ड्राइव्ह नुकताच कुठे चालू करून पाहिला असेल तर लाल ‘चार्ज’ दिवा विझल्यावरही पाच-दहा मिनिटं थांबा आणि डीसी बसचे व्होल्ट मोजा. २३० व्होल्टवर बस ३२५ व्होल्ट डीसीची असते. हात लागला तर सुटत नाही. मग मल्टिमीटर डायोडवर ठेवून लाल प्रोब बसच्या उणे टोकाला आणि काळा आळीपाळीने यू, व्ही, डब्ल्यूला, म्हणजे मोटरकडे जाणाऱ्या तीन टोकांना. तिन्हींवर साधारण ०.३५ ते ०.५ व्होल्ट आणि एकमेकांशी जुळणारे आकडे हवेत. काळा प्रोब अधिक टोकाला ठेवून लाल यू, व्ही, डब्ल्यूला लावलात तरी तेच. उलट लावल्यावर काही वाचायला नको. कुठेही शून्य आलं तर आयजीबीटी गेला. तो ड्राइव्ह सुट्या भागांसाठी बाजूला. आत येणाऱ्या फेजच्या टोकांवर हीच चाचणी केली की रेक्टिफायरही कळतो. गेट ड्रायव्हर ठीक आहेत का, हे यातून कळत नाही, पण स्फोट टळतो.

मोटर मेगर करायची (जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासायचं) ती ड्राइव्हपासून पूर्ण सोडवून आणि एन्कोडरचा, म्हणजे शाफ्टचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचा, प्लग काढून. ड्राइव्हला मेगर कधीही लावू नका. यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू तिन्ही रेझिस्टन्स सारखे हवेत. शाफ्ट मुळीच फिरत नसेल तर बेअरिंग जाम असा निष्कर्ष लगेच काढू नका. उभ्या ॲक्सिसच्या मोटरीत ब्रेक असतो. मोटरच्या प्लेटवर त्याचे व्होल्ट लिहिलेले असतात, बहुधा २४ डीसी, क्वचित ९०. तेवढे दिले की ‘टक्’ आवाज येऊन शाफ्ट सुटतो. चांगल्या मोटरी ‘जाम’ म्हणून तांब्याच्या भावात गेलेल्या बऱ्याच पाहिल्या आहेत.

आणि एन्कोडर मोटरच्या मागून काढू नका. साफ करायलासुद्धा नाही. रोटरच्या चुंबकांशी त्याचा कोन कारखान्यात जुळवलेला असतो. तो हलला की मोटर गरगरते, किंवा थरथरून ओव्हरकरंट दाखवते, आणि परत जुळवायला ऑसिलोस्कोप घेऊन बसावं लागतं.

बरीच वर्षं पडून असलेल्या ड्राइव्हचे मोठे कपॅसिटर एकदम ३२५ व्होल्टवर नेऊ नयेत. डिमरस्टॅटवरून (व्होल्ट कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) तासाभरात हळूहळू चढवतात, ती पद्धत बरोबरच, पण या ड्राइव्हमध्ये एक सोय आहे: कंट्रोलचा पुरवठा वेगळा असतो. यास्कावावर एल१सी-एल२सी, मित्सुबिशीवर एल११-एल२१. आधी फक्त तेवढ्याच टोकांना २३० द्या. मेन सप्लायची टोकं मोकळी. डिस्प्ले उजळला की प्रोसेसर आणि आतला पॉवर सप्लाय जिवंत आहेत असं समजा. यास्कावा सिग्मा-२ सगळं ठीक असेल तर ‘बीबी’ दाखवतो, म्हणजे बेस ब्लॉक, आउटपुट बंद. मेन सप्लाय नंतर डिमरस्टॅटवरून किंवा १०० वॉटच्या फिलामेंट बल्बच्या सिरीजमध्ये द्या. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. जुना बल्ब मिळत नसेल तर हॅलोजन लावा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर बस चार्ज झाली. भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मोटर फिरवताना बल्ब काढायला विसरू नका, नाहीतर अंडरव्होल्टेजचा अलार्म येत राहील.

अंडरव्होल्टेजवरून एक छोटी गोष्ट, जी भंगारातल्या मालात हमखास छळते. डीसी रिॲक्टर जोडण्यासाठी काही यास्कावा मॉडेलांवर ‘अधिक-१’ आणि ‘अधिक-२’ अशी दोन टोकं असतात. रिॲक्टर नसेल तर तिथे जोडपट्टी असते. केबल ओढून काढताना ती पट्टी पडते आणि मग बस चार्जच होत नाही, ए.४१ येतो, आणि लोक कार्ड बदलायला निघतात. मित्सुबिशीवर ‘पी’ आणि ‘डी’ मधली पट्टी तशीच. ती नसेल तर मोटर थांबताना परत येणारी वीज जाळणारा आतला रिजनरेशनचा रेझिस्टर सुटतो. दोन सेंटिमीटर तांब्याची तार, बाकी काही नाही.

मॅन्युअल नसताना पहिल्यांदा मोटर फिरवायची तर सिग्नलच्या पिनांची जवळजवळ गरज नसते, हे फार जणांना माहीत नाही. सिग्मा-२ मध्ये बटणांवरून एफएन००२ वर गेलात की जॉग मोड (बटण दाबून मोटर फिरवण्याची सोय) मिळतो. वर-खाली बटण दाबा, मोटर मूळ सेटिंगप्रमाणे मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरते. एमआर-जे२एसमध्येही टेस्ट ऑपरेशन बटणांवरूनच आहे, पण तिथे इमर्जन्सीची पिन कॉमनला जोडलेली लागते; त्या पिना खाली दिल्या आहेत. बाकी फक्त यू, व्ही, डब्ल्यू, अर्थ आणि एन्कोडर जोडलेले हवेत. मोटर टेबलाला क्लॅम्प करा, शाफ्टच्या खाचेतली चावी (‘की’ नावाची लोखंडी पट्टी) काढून ठेवा. ती बाहेर उडते तेव्हा दिसत नाही.

सिग्मा-२ चा एन्कोडर सिरियल आहे, सीएन२ कनेक्टरवर सहाच पिना: १ वर ५ व्होल्ट, २ वर शून्य, ३ आणि ४ वर बॅटरीचे अधिक-उणे, ५ आणि ६ वर डेटाची जोडी. केबल कापलेली असली तरी सहा तारा जोडणं अवघड नाही. डेटाची जोडी मात्र पीळ घातलेली आणि शील्डमधलीच हवी. मोटर ॲब्सोल्युट एन्कोडरची (वीज गेली तरी जागा लक्षात ठेवणाऱ्या) असेल तर बॅटरी कधीच मेलेली असणार आणि ए.८१ येईल. राउटरला ॲब्सोल्युट लागत नाही. पीएन००२ च्या उजवीकडून तिसऱ्या अंकात १ भरलात की ड्राइव्ह त्याला साधा इन्क्रिमेंटल म्हणून वापरतो, बॅटरीची कटकटच संपली. घासलेल्या ड्राइव्हला मोटर जोडल्यावर ए.०५ आला तर मोटर आणि ड्राइव्हची क्षमता जुळत नाही असा अर्थ. दुसरी मोटर लावून पाहा. मोटरची माहिती एन्कोडरमध्येच साठवलेली असते, त्यामुळे ड्राइव्ह स्वतःच ओळखतो. पॅरामीटर रीसेट करण्याआधी जुने सगळे मोबाइलने फोटो काढून ठेवा.

आता सिग्नलच्या पिना. सिग्मा-२ च्या सीएन१ या ५० पिनी कनेक्टरची मुख्य यादी देऊन टाकतो: ४७ वर बाहेरून २४ व्होल्ट, ४० सर्व्हो ऑन, ४२ आणि ४३ दोन दिशांचे ओव्हरट्रॅव्हल (टोकाच्या लिमिट स्विचचे इनपुट), ७-८ पल्स, ११-१२ दिशा, ५-६ वेगाचा ॲनालॉग, ३१-३२ अलार्म. एमआर-जे२एसवर सीएन१बी मध्ये ३ वर आतलेच २४ व्होल्ट, ते १३ ला जोडायचे. ५ सर्व्हो ऑन, १५ इमर्जन्सी, १६ आणि १७ दोन लिमिट, १० कॉमन. इमर्जन्सीची पिन कॉमनला जोडली नाही की एएल.ई६ येतो आणि ड्राइव्ह मेलाय असं वाटतं. लिमिटच्या पिना मोकळ्या असतील तर मोटर लॉक होते पण पल्स दिले तरी हलत नाही. यास्कावाही ओव्हरट्रॅव्हल मोकळे असताना तसाच अडून बसतो, फक्त डिस्प्लेवर तसं लिहून दाखवतो.

पण उद्या अजिबात अनोळखी ड्राइव्ह हाती आला तर? तेव्हा झाकण उघडा आणि कनेक्टरजवळचे आयसी वाचा. ड्राइव्ह स्वतःच आपलं मॅन्युअल सांगायला लागतो. २६एलएस३१ दिसला तर तो लाइन ड्रायव्हर, एन्कोडरचे पल्स बाहेर पाठवणारा. त्याचे आउटपुट पाय २-३, ५-६, १०-११ आणि १३-१४ अशा जोड्यांत असतात. बझर लावून ते कनेक्टरच्या कोणत्या पिनांवर जातात ते लिहा. मग फक्त कंट्रोल सप्लाय देऊन शाफ्ट हाताने सावकाश फिरवा: दोन जोड्यांवर व्होल्ट भराभर वर-खाली होतील, त्या ए आणि बी, तिसरीवर एका फेऱ्यात एकदाच, तो झेड. २६एलएस३२ (लाइन रिसीव्हर) किंवा एखादा वेगवान ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा आयसी), म्हणजे ६एन१३७ सारखा, दिसला तर त्या पिना पल्स आणि दिशेच्या असण्याची शक्यता मोठी. टीएल०७२ किंवा टीएल०८४ हे ऑप-ॲम्प जवळ असतील तर तिथे ॲनालॉग ±१० व्होल्ट येत असणार.

साधे २४ व्होल्टचे इनपुट ओळखणं आणखी सोपं. चार पायांच्या ऑप्टोकपलरची रांग शोधा. प्रत्येकाच्या एलईडीचा एक पाय साधारण ३.३ किलोओहमच्या रेझिस्टरमधून वेगवेगळ्या पिनेला जातो, आणि उरलेले सगळे पाय एकाच पिनेवर येऊन मिळतात. ती पिन कॉमन. आता २४ व्होल्टची एक बाजू कॉमनला द्या, आणि दुसरी बाजू दोन-तीन किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकेका इनपुट पिनेला टेकवत जा. ध्रुवता चुकली तर फार तर काही होत नाही. रेझिस्टर असल्यामुळे काही जळत नाही. मेन सप्लाय बंदच ठेवा. गंमत अशी की बऱ्याच ड्राइव्हमध्ये इनपुटची स्थिती डिस्प्लेवर बघता येते. सिग्मा-२ मध्ये यूएन००५ वर एकेक रेघ उजळते. कोणती पिन कोणत्या इनपुटची, हे ड्राइव्ह बोट दाखवून सांगतो. आउटपुट मात्र नाजूक असतात, ३० व्होल्ट आणि ५० मिलिअँपच्या आसपास. त्यावर रिले लावलात तर कॉइलला उलटा डायोड हवाच.

पल्स इनपुट ५ व्होल्टचे असतात. २४ व्होल्टच्या पीएलसीतून (कारखान्यातल्या कंट्रोलरमधून) द्यायचे तर सिरीजमध्ये २.२ किलोओहम लावा. थेट दिलेत तर ऑप्टोकपलर जातो, आणि तो बदलणं म्हणजे चार थरांच्या बोर्डवर सोल्डरिंग.

तुमच्या राउटरसाठी हिशेब असा. एमआर-जे२एसचा एन्कोडर एका फेऱ्यात १,३१,०७२ मोजतो. इलेक्ट्रॉनिक गिअर (आलेल्या पल्सना ठरावीक आकड्याने गुणणारं सेटिंग) न लावता चालवाल तर ३००० आरपीएमला सेकंदाला ६५ लाखांवर पल्स लागतील. ड्राइव्ह लाइन ड्रायव्हरवर ५ लाख आणि ओपन कलेक्टरवर २ लाखच घेतो. ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू थेट जोडला आणि एका पल्सला १ मायक्रॉन हवा असेल तर फेऱ्याला ५००० पल्स. म्हणजे गुणोत्तर १,३१,०७२ भागिले ५०००, संक्षेप करून १६३८४ बाय ६२५. हे पॅरामीटर ३ आणि ४ मध्ये भरा. आता जुन्या संगणकाच्या पॅरलल पोर्टवरून माक३ हे सीएनसी सॉफ्टवेअर २५ किलोहर्ट्झवर चालवलंत तर फेरे मिनिटाला ३००, म्हणजे फक्त १५०० मिमी प्रतिमिनिट. लाकडाला ते फार कमी, कातरण्याऐवजी जळकट डाग पडतील. एकतर मायक्रॉनचा हट्ट सोडा, लाकडाला ५ मायक्रॉन भरपूर झाले, किंवा लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर आणि वेगाने पल्स देणारं मेसाचं कार्ड घ्या. राउटरपुरतं मी पहिलंच करीन.

मोटर मशीनला जोडण्याआधी इमर्जन्सी बटण नीट लावा. त्याने मेन सप्लायचा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) पडला पाहिजे, नुसतं सर्व्हो ऑन काढणं पुरेसं नाही. कंट्रोल सप्लाय चालू राहू दे, म्हणजे अलार्म वाचता येतो आणि डायनॅमिक ब्रेकही मोटर थांबवतो. झेड ॲक्सिसवर जड स्पिंडल असेल तर खाली येताना मोटर जनरेटर होते. ४०० वॉटच्या सिग्मा-२ मध्ये आतला रिजनरेशन रेझिस्टर नसतो. वारंवार ए.४०, म्हणजे ओव्हरव्होल्टेजचा अलार्म, येऊ लागला तर बी१-बी२ वर बाहेरून लावा. घरचा ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत राहिला तर त्यामागे बहुधा ड्राइव्हच्या नॉइझ फिल्टरची अर्थला जाणारी गळती असते. म्हणून अर्थ काढून टाकू नका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

फॅनकच्या मोटरीचं काय करायचं, तेही सांगतो. तिच्यात चुंबक आणि वाइंडिंग उत्तम असतं, पण एन्कोडर सिरियल आणि फॅनकचाच. एसटीएमबीएल नावाचा खुल्या आराखड्याचा ड्राइव्ह रिझॉल्व्हर (कोन मोजणारा जुन्या पद्धतीचा सेन्सर) आणि काही जपानी सिरियल एन्कोडर वाचतो. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर एखाद्या पावसाळ्यात ते करून बघा, राउटर त्याच्यासाठी अडवू नका.

त्या भंगारवाल्याकडे परत जाणार असाल तर ड्राइव्ह आणखी आणू नका. कापलेल्या केबलची दुसरी टोकं, सीएन१ आणि सीएन२ चे कनेक्टर, मोटरचे गोल मिलिटरी कनेक्टर आणि पॅनेलमधला ट्रान्सफॉर्मर अजून पडला असेल तर तो आणा. ५० पिनी कनेक्टर नवा घ्यायचा तर पुण्यात पासोड्या विठोबाला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, पण जुन्या केबलवरचा मिळाला तर तारांचे रंगही जुळलेले मिळतील.